सहलीपुरता काका

"काका, ही बाटली धरता का जरा?" मुंगी म्हणाली, आणि त्यानं चक्क मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. शाळेचं उघडं फाटक होतं, फाटकाला टेकवून ठेवलेली एक सायकल होती आणि रस्त्यापलीकडे पाववाल्याचं अर्धं वर गेलेलं शटर. म्हणजे काका तोच. बाटली त्याच्या हातात आली, गार, बाहेरून ओली, आणि मुंगी बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. झालं ते एवढंच. ज्यांच्या घरात सकाळपासून निजेपर्यंत हाकांचा रतीब चालू असतो त्यांना यात काय विशेष वाटणार म्हणा! पण त्याच्या छातीत काहीतरी धपकन बसलं. मुंगीच्या आईशी लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, एका छपराखाली तिघं राहायला लागूनही तेवढंच, आणि या पोरीनं त्याला आजवर कसली म्हणून हाक मारली नव्हती. चांगली नाही, वाईट नाही, कसलीच नाही. आणि आज भर रस्त्यात, बसच्या धुरात, नाडी बांधता बांधता, सहज, काका! आनंद झाला की आणखी काही झालं हे त्याचं त्यालाच कळेना. काका म्हणजे जवळचा की लांबचा? वरच्या मजल्यावरचा माणूस काकाच. लिफ्ट दुरुस्त करायला येतो तोही काकाच. बाटली हातात धरून तो नुसता उभा राहिला आणि बाटलीचं पाणी त्याच्या बाहीत शिरायला लागलं.

उलगडा लगेच झाला. वर्गाच्या बाई बसच्या पायरीवर चढल्या. उंच, गळ्यात शिट्टी, आणि घसा कायमचा बसलेला. "आजचा नियम काय? सांगा बघू." पोरं एका सुरात कोकलली, "आज आई नाही, बाबा नाही! सगळ्या मावश्या, सगळे काका!" "आणि चुकून तोंडातून गेलं तर?" "लंगडीऽऽ!" मग बाईंनी मोर्चा वळवला तो मदतीला आलेल्या दोन पालकांकडे, म्हणजे त्याच्याकडे आणि त्याच्या शेजारच्या एका ठेंगण्या, गोलमटोल आईकडे. "तुम्हालाही लागू आहे हं हे. माझा मुलगा, माझी मुलगी असं तोंडातून निघालं की तुम्हालाही लंगडी. ही कार्टी सोडणार नाहीत, आधीच बजावून ठेवते." मागे म्हणे एका सहलीत एका आईनं दिवसभर आपल्याच लेकाला भरवलं, आपल्याच लेकाचे फोटो काढले, आणि ज्यांच्या घरून कोणी आलं नव्हतं ती पोरं तोंडं पाडून बसली. तेव्हापासून बाईंनी हा कायदा काढला होता. सहल आहे तोवर सगळी मुलं सगळ्यांची. गोलमटोल आई हसून म्हणाली, "अगं बाई, मग आमचा सोन्या दिवसभर लंगडतच किल्ला बघणार!" तोही हसला, पण त्याचं हसणं ओठांवरच राहिलं. म्हणजे काका ही हाक नव्हती तर. नियम होता. वर्गानं पाठ केलेला, घोकलेला.

खरं तर आज मुंगीची आईच यायची होती. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि काल संध्याकाळी तिची कामाची पाळी अचानक बदलली. तिनं त्याच्या चष्म्यांच्या दुकानात फोन केला तेव्हा तो एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होता. "तू जाशील का रे? तिनं इतके दिवस वाट पाहिलीय." जातो म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र विचार सुरू झाले. वर्गाच्या बाई, एवढी सगळी पोरंसोरं, त्यांच्या देखत ती आपल्याला काय म्हणणार? की घरी करते तेच करणार? घरी मुंगीनं एक मोठी कला साधली होती. तिला काही हवं असलं की ती खोलीत येऊन वाक्य मधूनच सुरू करायची. "दूध संपलंय." "पेन्सिलचं टोक मोडलं." दुकानात आली तर काउंटरपाशी हनुवटी टेकवून उभी राहायची, तो मान वर करीपर्यंत. एकदा आंघोळीला गेली आणि टॉवेल विसरली. घरात दोघंच. आतून आवाज आला, "कोणीतरी टॉवेल द्या!" त्यानं दाराच्या फटीतून टॉवेल दिला आणि कितीतरी वेळ बाहेर पॅसेजमध्ये उभा राहिला. कोणीतरी. वाईट नव्हतं ते. निदान कोणीतरी तरी होतो, असं त्यानं रात्री बायकोला हसत हसत सांगितलं, आणि ती हसली नाही. म्हणाली, "सांगूनच टाकते तिला, बाबा म्हणत जा म्हणून." तर हा पठ्ठ्या ताठ मानेनं म्हणतो कसा, "मुळीच नाही. सांगून म्हणवलेलं मला नको!" बोलून गेला आणि मग कूस बदलत स्वतःलाच शिव्या घालत राहिला. कसला हा माज? सांगून म्हटलं असतं तरी काय बिघडलं असतं?

बाबा हा शब्द त्या घरात नव्हता असं नाही. तो भिंतीवर होता. ओल्या केसांचा, हसऱ्या चेहऱ्याचा, पोहायला शिकवणारा एक तरुण माणूस, ज्याला मुंगीनं कधी नीट पाहिलंच नव्हतं, कारण तो गेला तेव्हा ती पालथीही पडत नव्हती. घरी पाहुणे आले की ती फोटोकडे बोट दाखवून सांगायची, "हे बाबा." त्याला त्या माणसाचा राग नव्हता, देवाशपथ नव्हता. उलट त्या फोटोची काच तोच पुसायचा, रविवारी, दुकानातल्या मऊ फडक्यानं, कारण काचेवर डाग राहिलेला त्याच्या डोळ्यांना चालतच नाही. पण पुसताना मनात येऊन जायचं, बाबा, तुमची जागा मला नको हो. पण मला उभं राहायला एखादी तरी द्या.

बस निघाली आणि मुंगीनं काकांचा पाऊसच पाडला. "काका, खिडकी उघडा ना. काका, हिला उलटीसारखं होतंय. काका, ते बघा, दोन तोंडांचा हातपंप! काका, तुम्ही कधी किल्ला पाहिलाय?" जणू वर्षभर कुलपात ठेवलेली चावीची मोटार कोणीतरी सोडून दिली होती. दोन सीट पुढं बसली होती, दर मिनिटाला गुडघ्यांवर उभी राहून मागे वळायची, आणि केस तोंडात जाऊनही बोलायची थांबत नव्हती. इतर पोरांनीही त्याला काका करून टाकलं होतं, पण त्यांचं काका कानावरून जात होतं. हिचं प्रत्येक काका तो खिशात घालत होता. खोटं कशाला बोला, तो सुखावला होता. नियम तर नियम! नियमानं का होईना, पोरीला एक शब्द सापडला होता आणि तो ती मनसोक्त वापरत होती. म्हणजे तिच्याजवळ इतके दिवस बोलायला खूप होतं, फक्त सुरुवात कुठून करायची हे कळत नव्हतं! हे लक्षात आलं आणि त्याला एकदम हसूच आलं, मोठ्यानं, एकट्यालाच, आणि गोलमटोल मावशींनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. मग लगेच दुसरा विचार, कुठून आला कोण जाणे. संध्याकाळी बस परत फाटकाशी लागेल. बाई म्हणतील, संपला नियम, जा आपापल्या घरी. मग? मग पुन्हा कोणीतरी? पुन्हा दूध संपलंय? त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि लाजून हात पाठीमागे घेतला.

शहर संपलं आणि झाडं सुरू झाली. खिडकीला नाक लावून बसलेल्या एका मुलीच्या जाड भिंगांवर ती झाडं उलटी पळत होती. पोरं तिला ढापणी म्हणत. त्याला तो शब्द ऐकवत नसे, कारण तोही ढापणाच होता लहानपणी. तेव्हा त्याला वाटायचं, झाड म्हणजे एक हिरवा गोळा असतो, सगळ्यांना तसाच दिसतो. मग वडिलांनी त्याला चष्मा करून दिला. दुकानातून बाहेर आल्यावर वडील त्याला फुटपाथवर उभं करून स्वतः रस्त्याच्या टोकाला चालत गेले आणि तिथून ओरडले, "दिसतो का रे मी आता?" दिसत होते. पान न पान दिसत होतं, आणि पानांखाली उभे असलेले वडील, त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण, त्यांचं आशेनं उघडं राहिलेलं तोंड. "अण्णाऽऽ!" एवढंच ओरडला तो. वडिलांना अण्णा म्हण असं त्याला कोणी शिकवलं होतं? आठवतच नव्हतं. नखं येतात तशी ती हाक आली असणार. चष्म्याचा धंदा त्यानं धरला तो त्या दुपारीच, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. पण गिऱ्हाइकं म्हणत, बरं बरं, बिल किती झालं.

किल्ला दिसला आणि बसमध्ये आरडाओरडा झाला. तसा किल्ला म्हणावा इतकं काही शिल्लक नव्हतं. एक अर्धा बुरूज, वरून कुरतडल्यासारखा. एक दिवाणखाना, छप्पर नसलेला, त्याच्या जमिनीवर गवत. भिंतीत हवेत लटकलेली एक शेकोटीची जागा, कारण तिच्याखालचा मजलाच पडून गेला होता. पण पोरांना पडलेलं काही दिसतच नव्हतं. ती लटकलेली शेकोटी बघून मुंगी म्हणाली, "काका, इथे उडणारी माणसं राहायची!" आणि ते लगेच सगळ्यांना पटलं. बाण सोडायच्या अरुंद खिडक्यांतून त्यांनी एकमेकांना मारलं, एकमेकांसाठी मेली, आणि उठून डबे खाल्ले. गोलमटोल मावशींचा सोन्या "आई, पाणी!" म्हणाला आणि त्यानं विहिरीभोवती लंगडी घातली. थोड्या वेळानं "आई, झालं पाणी पिऊन!" म्हणाला आणि पुन्हा घातली. मावशी कळवळून "माझं बाळ ते..." म्हणाल्या, आणि मग विचारूच नका. पर्स सांभाळत, एका पायावर, त्या जाळी बसवलेल्या जुन्या विहिरीला त्यांनीही फेरी मारली, आणि बाई तर हसून हसून भिंतीला टेकल्या. त्याला वाटलं, किती दिवसांनी आपण असं उन्हात, काही काम नसताना, नुसते हसत उभे आहोत. गवताचा वास येत होता. दगड तापले होते आणि त्यांवर हात ठेवला की बरं वाटत होतं. मात्र हसता हसता एक डोळा मुंगीवर. ती काही चुकत नव्हती. तिचं काका पक्कं होतं. आणि ते तसं पक्कं असणं आता मघाइतकं गोड लागेना. तिला चुकण्यासारखं दुसरं काही नाहीच ना, म्हणून ती चुकत नाही! सोन्या चुकतो, कारण त्याच्या तोंडात आई बसलेली आहे. हिच्या तोंडात आपल्यासाठी काय बसलंय? आणि मग तो स्वतःवरच चिडला. सकाळी बाटलीसोबत एक हाक मिळाली तर हरखला होतास लेका, दुपारपर्यंत आणखी हवी झाली का तुला?

सगळ्यात जास्त भाव खाऊन गेला तो राजाचा संडास. बुरुजाच्या जाड भिंतीत एक कोनाडा, कोनाड्यात दगडी बैठक, बैठकीला गोल भोक, आणि भोकातून सरळ खाली खंदक. बाई सांगायला लागल्या की पूर्वी कपडेसुद्धा इथे टांगून ठेवत, वासानं किडे लागू नयेत म्हणून, पण कोण ऐकतंय! "म्हणजे राजाची शी खंदकात पडायची?" "आणि खाली सैनिक असला तर?" "राणीचीपण?" राणीचीपण म्हटल्यावर सगळ्यांची मुरकुंडी वळली. ओळीनं प्रत्येकानं भोकातून खाली बघायचं ठरलं. ढापणीचा नंबर आला. ती वाकली, आणखी वाकली, आणि चष्मा नाकावरून घसरला तो थेट राजाच्या संडासात.

मग ती पोर अशी रडायला लागली की बाहेरच्या पाकोळ्या उडाल्या. चष्मा गेला म्हणून नव्हे फक्त, तिला आता कोणाचंच तोंड दिसत नव्हतं, आणि ते काय असतं हे त्या गर्दीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. "थांब गं, आलोच मी," तो म्हणाला. "काका, खंदकात काटे आहेत," बाई म्हणाल्या. पण तो पायऱ्या उतरायलाही लागला होता. खंदक कोरडा होता, कमरेइतकं गवत, चिकटणारी बोंडं, आणि कुठं कुठं ओलसर चिखल. तो बुरुजाच्या पायथ्याशी पोचला. वर पाहिलं तर भिंतीतून पुढं आलेलं दगडी नळकांडं, आणि त्याच्या टोकाशी उजेडाचा एक ठिपका. चष्मा गवतात अलगद अडकला होता. भिंगं शाबूत, एक काडी मात्र वाकडी झालेली आणि तिचा स्क्रू ढिला. जीव भांड्यात पडला. खिशातला बारका स्क्रूड्रायव्हर काढून तो तिथेच उकिडवा बसला, राजाच्या संडासाखाली, आणि दोन बोटांत काडी धरून हळूहळू सरळ करू लागला. हे काम करताना त्याचं मन नेहमी स्वच्छ व्हायचं. आणि तेवढ्यात वरून, त्या नळकांड्यातून, अगदी कानाशी बोलावं तसा आवाज उतरला.

"रडू नको गं. मिळेल चष्मा." तो मुंगीचा आवाज होता. "मोडला असेल," हुंदके देत दुसरा आवाज. "मोडला तरी काय झालं? माझे बाबा चष्मेवाले आहेत. ते सुतासारखा सरळ करून देतील. माझ्या बाबांना कसलाही चष्मा येतो."

स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच राहिला. वर भूकंप व्हावा तसा गलका, "बाबा म्हणाली! मुंगी बाबा म्हणाली! लंगडी! लंगडी!" आणि त्या गलक्याच्याही वर मुंगीचा चिडका, खणखणीत आवाज, "म्हटलं तर म्हटलं! घालते लंगडी. त्यात काय एवढं!"

तो तसाच बसून राहिला. हसावं की रडावं ते त्याला कळत नव्हतं आणि दोन्ही होत होतं. वर्षभर तो दारात, काउंटरमागे, टॉवेल धरून कान देऊन उभा होता, आणि शब्द आला तो कुठून, तर राजाच्या संडासातून! बायकोला सांगितलं तर ती विश्वास ठेवेल का? आणि काय ते तोऱ्यात म्हटलं होतं तिनं, कसलाही चष्मा येतो! म्हणजे ती काउंटरवर हनुवटी टेकवून उभी राहायची तेव्हा नुसती वाट बघत नव्हती, त्याचे हात बघत होती. हे पहिल्यांदाच म्हटलं असेल का तिनं? की त्याच्या पाठीमागे, शाळेत, डब्याच्या सुट्टीत, केव्हापासून म्हणत होती आणि त्यालाच पत्ता नव्हता? असेल. नसेल. तो स्क्रू काही केल्या खाचेत बसेना. शेवटी चष्मा गुडघ्यांत धरून, ओठ दाबून, त्यानं तो बसवला, आणि काटे-बोंडं अंगावर घेऊन धावत वर निघाला.

अंगणात पोरांचं कडं झालं होतं. मध्ये विहीर, आणि विहिरीभोवती मुंगी, एक पाय दुमडलेला, चेहरा लालबुंद, दोन्ही हात पंखांसारखे पसरून, टुणुक टुणुक. तो आलेला दिसला तशी तिनं झटकन मान खाली घातली आणि आणखी जोरात उड्या मारायला लागली. ऐकलं असेल का यांनी, हा एकच प्रश्न तिच्या त्या लाल कानांवर लिहिलेला होता. त्यानं आधी चष्मा ढापणीच्या नाकावर बसवला, कानांमागे काड्या नीट केल्या आणि विचारलं, "दिसतो का मी?" ती हुंदका गिळून म्हणाली, "तुमच्या केसांत काटे आहेत काका." बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही आलात. कसे आभार मानू?" आणि त्याला वाटलं, आता बोललो नाही तर आपल्यासारखा गाढव आपणच. तो मोठ्यानं, सगळ्या किल्ल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आभार कसले! पण ती लंगडी घालतेय ना, ती माझी मुलगी आहे."

पोरांना काय, आनंदाला पारावार राहिला नाही. "काका चुकले! काकांना लंगडी!" बाईंनी तोंडावर हात ठेवला. मावशी टाळ्या पिटायला लागल्या. तो मात्र शिक्षेची वाट बघत थांबलाच नाही. त्यानं एक पाय उचलला आणि मुंगीच्या मागोमाग सुटला, पोट सावरत, पँटला चिकटलेल्या बोंडांसकट, अर्ध्याच फेरीत धापा टाकत. मुंगी मागे बघत नव्हती. पण तिनं उड्या लहान केल्या होत्या, हे त्याला कळलं. दोघं विहिरीच्या पलीकडच्या बाजूला पोचली तेव्हा त्याचा तोल गेला, हात हवेत गेले, आणि ती वळून ओरडली, "बाबा, पाय टेकवू नका, पहिल्यापासून घालावी लागेल!"

"पुन्हा म्हणाली!" सगळा वर्ग किंचाळला. "अजून एक फेरी!"

"घालते की," मुंगी म्हणाली.

"माझ्या मुलीला एकटीला कशाला," तो धापा टाकत म्हणाला, "मीपण घालतो."

"तेपण पुन्हा म्हणाले!"

बसच्या ड्रायव्हरनं खालून हॉर्न दिला. बाईंनी शिट्टी फुंकली, एकदा, दोनदा. मुंगी दुमडलेला पाय हातानं घट्ट धरून हसत होती आणि पुढच्या फेरीला निघाली होती, आणि तिच्या मागे तो.